सुरुंग किती लांब

रतनबाईंच्या घरात एकूण तेरा भेगा होत्या. सैपाकघरात सात, माजघरात चार आणि ओसरीच्या भिंतीत दोन. त्यांतल्या आठ भेगांत पोस्टकार्डाची कड शिरत नव्हती, चारांत शिरत होती, आणि खिडकीखालून तिरपी उतरलेली एक अशी होती की तिच्यात रतनबाईंची करंगळी पेरभर आत जायची. त्याच खिडकीला लागून मांडणी होती. तिच्यावर स्टीलची, पितळेची, जर्मलची मिळून बावन्न भांडी होती, आणि रोज दुपारी एकच्या सुमाराला ती सगळी एकदम वाजायची.

ही मोजदाद वैष्णवीची. वैष्णवी म्हणजे रतनबाईंची एकुलती एक लेक. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली होती आणि भोरला एका क्लासमध्ये नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायची. "भिंतीला लई भेगा पडल्यात" असं रतनबाई म्हणाल्या की ती म्हणायची, "लई म्हणजे किती?" आणि मग स्वतःच मोजायला उठायची.

भेगा कशामुळे पडल्या यावर मात्र मोजून उत्तर निघत नव्हतं. त्यांची करंजवाडी ओढ्याच्या अलीकडं, आणि पलीकडच्या डोंगराला दगडाची खाण. डंपर भरभरून खडी कापूरहोळकडं जायची. खाणीच्या परवान्यात अट होती की वस्तीपासून पाचशे मीटरच्या आत सुरुंग उडवायचा नाही. खाणीचे मॅनेजर इंद्रजित साहेब छातीठोक सांगायचे, "सुरुंग जुन्या खड्ड्यातच उडतो. वाडीतलं पहिलं घर तिथून पाचशे चाळीस मीटरवर आहे. अलीकडच्या कड्यावर आम्ही नुसतं मशीन चालवतो. तुमचं घर जुनं आहे, माती-दगडाचं आहे, ते भेगाळणारच."

वाडीतलं पहिलं घर म्हणजे रतनबाईंचं. त्यांना ठाऊक होतं की सुरुंग अलीकडं सरकलाय. पण ते दाखवायचं कसं? खाणीच्या रस्त्याच्या बाजूला उंच पत्रे मारलेले. आत जाऊन टेप लावू द्यायला कोणी तयार नाही. मोबाईलवरच्या नकाशात खाणीचा जो फोटो होता तो अलीकडचा कडा फोडायच्या आधीचा. पत्रे नव्हते ते फक्त ओढ्याच्या बाजूला, आणि तिकडून खाण दिसायची ती एकट्या रतनबाईंच्या घरावरून. पण तिथून बघितलं तर अलीकडचा कडा आणि जुन्या खड्ड्याची मागची भिंत एकाच रेषेत, एकामागं एक यायची. दोन्ही काळ्या दगडाच्या. दगड उसळताना दिसायचा, धूळ उठताना दिसायची, पण तो पुढचा दगड की मागचा, हे डोळ्याला कळत नव्हतं.

आता खाणीला मुदतवाढ हवी होती आणि त्यासाठी ग्रामसभेचा ना हरकत ठराव. तो झाला की सुरुंग आणखी अलीकडं येणार, हे उघड होतं. इंद्रजित साहेबांनी रतनबाईंना निरोपही धाडला होता: घर मोकळं करा, गावठाणाच्या कडेला पत्र्याची खोली बांधून देतो.

"खोली त्येंच्या मॅनेजरला ऱ्हायला द्या म्हणावं," रतनबाईंनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं. "म्या हितनं हलत न्हाई."

वैष्णवीला वाटलं, डोळ्याला कळत नसेल तर कानाला कळेल. उजेड आणि आवाज एकाच जागेवरून एकाच वेळी निघतात, पण एकत्र पोचत नाहीत. उजेडाला ओढा ओलांडायला वेळ लागतो असं म्हणण्यातही अर्थ नाही, इतका तो थोडा. आवाज मात्र हवेतून रेटत रेटत येतो, सेकंदाला जेमतेम साडेतीनशे मीटर. म्हणजे दगड उसळलेला दिसला, तिथपासून धडाम ऐकू येईपर्यंत जो वेळ जातो, त्याला आवाजाच्या वेगानं गुणलं की अंतर. पत्र्याच्या आत पाऊल टाकायचीही गरज नाही.

तिनं मोबाईल सैपाकघराच्या खिडकीत, मांडणीच्या वरच्या फळीवर डब्याला टेकवून ठेवला, कारण तिथून कडा सरळ समोर यायचा. दुपारच्या सुरुंगाचा व्हिडिओ घेतला आणि तो मुद्दाम न बघता तसाच ठेवला. ग्रामसभेत सगळ्यांसमोरच उघडायचा, म्हणजे काही खाडाखोड केली असं कोणी म्हणायला नको.

ग्रामसभा समाजमंदिरात होती. सरपंच सारिकाताई मध्ये बसल्या होत्या, त्यांच्या उजव्या हाताला इंद्रजित साहेब आणि खाणीवर सुरुंग भरणारा आणि भोंगा वाजवणारा, गावातलाच हनुमंत. वैष्णवीनं काय करणार ते आधी नीट समजावलं. व्हिडिओचं एक ॲप होतं, त्यात वर चित्रं दिसायची आणि खाली आवाजाची रेघ. आवाज आला की रेघ फुगायची. तिच्या मोबाईलमध्ये एका सेकंदाला तीस चित्रं निघायची. दगड उसळला ते चित्र तिनं सगळ्यांना दाखवलं आणि तिथून एकेक चित्र पुढं सरकवत गेली. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला रेघ फुगली.

वैष्णवी थांबली.

"चार फ्रेम म्हणजे किती मीटर झाले, मॅडम?" इंद्रजित साहेबांनी विचारलं. त्यांना हिशेब येत होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

खोटं बोलणं तिला जमण्यासारखं नव्हतं. "शेचाळीस," ती म्हणाली.

"शेचाळीस मीटर म्हंजे आमच्या गोठ्यात आलं की गं पोरी," शेजारचे म्हातारे गेनबा म्हणाले. "तरीच म्हस आटलीया."

सगळी सभा हसली. इंद्रजित साहेब हात जोडून रतनबाईंकडं वळले. "मावशी, आम्ही तुमच्या परसात सुरुंग लावतो आणि तुम्ही आमच्या माणसांना कधी चहासुद्धा विचारत नाही."

पुन्हा हशा. रतनबाई पदर सावरून ताठ बसून राहिल्या. ठराव त्याच दिवशी झाला असता, पण सह्या मोजल्या तर माणसं कमी भरली. सारिकाताईंनी सभा तहकूब केली आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. तहकूब सभेला माणसं किती आहेत हे कोणी विचारत नाही. म्हणजे पुढच्या वेळी ठराव होणारच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं भोरला जाताना वैष्णवीनं कानात इअरफोन घालून तो व्हिडिओ लावला. गाडी खडखडत होती, तरी तिसऱ्यांदा ऐकताना तिला जाणवलं की चौथ्या फ्रेमला जो आवाज येतो तो धडाम नाहीच. तो बारीक आहे, किणकिण आहे. आधी एक झाकण, मग ताटं, मग सगळी मांडणी. त्या किणकिणीतच कुठंतरी मागून मोठा आवाज मिसळून जातो, पण तो नेमका कधी आला ते भांड्यांच्या गोंगाटात शोधून काढता येत नाही.

मोबाईलनं खाण ऐकलीच नव्हती. त्यानं आईची भांडी ऐकली होती.

भांडी आधी का वाजली, हे कळायला तिला भोरच्या अलीकडचं उत्रोली येईपर्यंतचा रस्ता पुरला. सुरुंगाचा धक्का दोन वाटांनी निघतो. एक हवेतून, एक दगडातून. उजेड दगडापाशी आला की तिथंच संपतो. आवाजाचं उलटं आहे. त्याला पदार्थ लागतो, आणि पदार्थ जितका टणक तितका तो जोरात पळतो. डोंगराचा काळा दगड ओढ्याखालून थेट त्यांच्या घराच्या पायापर्यंत आलेला. त्यातून धक्का हवेच्या सात-आठ पट वेगानं येतो, भिंत हलवतो, भिंतीची मांडणी हलते, मांडणीवरची भांडी. नववीच्या मुलांना ती दर वर्षी शिकवते की आवाज घन पदार्थात सगळ्यात वेगानं जातो. आणि मोबाईल कुठं ठेवावा, तर बावन्न भांड्यांच्या मधोमध.

तिला स्वतःचा राग आला, आणि तो बराच वेळ राहिला. मग कोणी हसलं याचाही आला. भोरच्या स्टँडवर उतरेपर्यंत पहिला राग विरला होता आणि दुसरा टिकून होता.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. रतनबाई भाकरी थापत होत्या.

"म्हंजे माझी भांडी फितूर झाली," त्या म्हणाल्या.

"भांड्यांनी खरं तेच सांगितलं. मी चुकीचं ऐकलं."

"आता पुन्यांदा त्येंच्यासमोर जायाचं?"

"जायचं."

"हसत्याल."

"हसू देत. हसण्यानं अंतर वाढत नाही."

रतनबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "जा तर मग. पन या टायमाला माझ्या मांडणीला हात लावू नगंस."

पुढचा आठवडा वैष्णवीनं मोजमापाची पक्की तयारी करण्यात घालवला. सारिकाताईंकडं चांगला मोबाईल होता, सेकंदाला साठ चित्रं घेणारा. तो मागायला ती त्यांच्या घरी गेली.

"मी सरपंच आहे, वैष्णवी. मला कुणा एकाची बाजू घेऊन चालणार नाही," सारिकाताई म्हणाल्या.

"मोबाईल द्या, बाजू नको. मोजताना तोही तुमच्याच हातात ठेवा."

सारिकाताईंनी जरा विचार केला आणि मान हलवली. त्यांच्या मोबाईलसमोर हातभर अंतरावर वैष्णवीनं पितळी ताटलीवर पळी मारून बघितली. पळी टेकली त्याच चित्राला रेघ फुगली. म्हणजे मोबाईल चित्र आणि आवाज मागंपुढं करत नव्हता. मग तो भिंतीपासून लांब, अंगणातल्या पेरूच्या फांदीला सुंभानं टांगायचा, असं तिनं ठरवलं. जमिनीतून येणारा धक्का झाडापर्यंत येईल, पण पेरूला भांडी नसतात. क्लासमधला थर्मामीटरही तिनं मागून आणला, कारण हवा तापली की आवाज थोडा जोरात जातो आणि तेवढा फरक धरावा लागतो.

राहिला एकच प्रश्न, आणि तो तिला सगळ्यात अवघड वाटत होता. इंद्रजित साहेब त्या दिवसापुरता जुन्या खड्ड्यात सुरुंग लावतील. मग अंतर खरंच पाचशे चाळीस निघेल आणि तिनंच ते सगळ्यांसमोर मोजून दिलेलं असेल.

यावर उत्तर तिला खाणीच्या कामातच सापडलं. सकाळी ड्रिलची घरघर चालते तोवर दगडात भोकं पडत असतात. घरघर थांबते, दारूची गाडी येते, आणि भोकं भरली जातात. एकदा भरलेली भोकं तशीच सोडता येत नाहीत, त्याच दिवशी उडवावी लागतात. दारू परत काढायला गेलं तर माणूस जायचा. हे वाडीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं, कारण मागं एकदा भर वळवात, विजा चमकत असताना, खाणवाल्यांनी सगळ्यांना गोठ्यात बसवून सुरुंग उडवला होता. म्हणून सभेच्या दिवशी ड्रिल थांबेपर्यंत आणि गाडी येऊन परत जाईपर्यंत वैष्णवीनं तोंडातून एक शब्द काढायचा नव्हता.

सभा अकराला सुरू झाली. वैष्णवी मागं बसून राहिली. पाणीपट्टीवर बोलणं झालं, अंगणवाडीच्या पत्र्यांवर झालं. शेवटी खाणीचा विषय निघाला आणि इंद्रजित साहेब म्हणाले, "मागच्या वेळी या विषयावर वैज्ञानिक चर्चा झालेलीच आहे."

दोघं-तिघं हसले. वैष्णवी उठली.

"हनुमंतदादा, आजचा सुरुंग भरला का?"

"भरलाय की," हनुमंत सरळपणे म्हणाला. "आत्ताच भरून आलो. एकला उडवायचा."

इंद्रजित साहेबांनी त्याच्याकडं वळून बघितलं. हनुमंतला काय चुकलं ते कळेना.

"मग सभा आमच्या अंगणात घ्या," वैष्णवी म्हणाली. "मागच्या वेळी माझी चूक झाली. मोबाईल भांड्यांत ठेवला होता, त्यानं जमिनीतला धक्का ऐकला. आज झाडाला टांगणार आहे. मोबाईल सरपंचांचा. मी त्याला हातसुद्धा लावणार नाही."

"मॅडम, दर आठवड्याला एक नवीन मोबाईल, एक नवीन आकडा," इंद्रजित साहेब म्हणाले. "उद्या म्हणाल रेडिओवर मोजते. मोबाईलवर अंतर मोजता येतं यावर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका. आधी मला तपासा. तुमचा टेप घ्या, तुमची माणसं घ्या. ओढ्यापलीकडं गेनबाआजांचं पडीक रान आहे, तिथं ना झाड ना बांध. हवं तिथं हनुमंतदादाला उभं करा आणि त्याच्यापासून पेरूपर्यंत टेपनं मोजा. मला आकडा सांगू नका. त्यानं ताटलीवर पळी मारायची. अंतर मी सांगते. चुकलं तर ठरावावर पहिली सही मी करते."

मग गेनबा काठी टेकत उठले. "चला की. हितं बसून कंबर धरली. माझं रान एकदा कुनीतरी मोजू द्या, तलाठ्यानं तर कंदी मोजलं न्हाई."

सारिकाताईंनी सभा जागा बदलून चालू राहील असं जाहीर केलं.

अंगणात चाळीसेक माणसं जमली. सारिकाताईंनी स्वतः मोबाईल पेरूला बांधला. वैष्णवी तिकडं पाठ करून, तोंड भिंतीकडं करून बसली. समोर खिडकीखालची तिरपी भेग होती. ओढ्यापलीकडून टेप ओढणाऱ्यांचे आवाज येत होते. टेप पन्नास मीटरचा होता, म्हणून एकेक खुंटी मारत ते पुढं सरकत होते. ओढ्यात एकजण पाय घसरून बसला, तेव्हा सगळे हसले. या वेळी ती हसणारी माणसं तिच्या अंगणात होती, एवढाच फरक.

"झालं," असं कोणीतरी म्हणालं आणि ती वळली. पडीक रानात हनुमंत एकटा उभा होता, बोटाएवढा. त्यानं पळी उगारली आणि खाली आणली. आवाज आला नाही. पुन्हा उगारली, पुन्हा खाली. पुन्हा काहीच नाही.

"मारतुयास का माशा हाकलतुयास रं?" गेनबा म्हणाले.

"मीच सांगितलं होतं त्याला," इंद्रजित साहेब म्हणाले. "दोनदा नुसता हात हलवायचा. बघू म्हटलं मॅडम नुसत्या हातावरून आकडा सांगतात का."

"बरं केलंत," वैष्णवी म्हणाली. "आता सगळ्यांना दिसलं, की आवाज नसला तर मी काही सांगत नाही."

तिसऱ्यांदा पळी ताटलीवर बसलेली दिसली. क्षणभर हनुमंतचा हात खालीच राहिला, आणि मग टण्ण आलं. ते अंतर सगळ्यांनाच जाणवलं. बायकांतून कोणीतरी म्हणालं, "अगं बया, मागनं आला की."

"रोजच मागनं येतो," बनाबाई म्हणाल्या. त्यांचं घर वाडीच्या वरच्या टोकाला होतं. "ओढ्याला धुणं आपटताना लांबनं बघ. हात उचलला की मग धप. आमाला वाटायचं डोळंच गेलं."

सारिकाताईंनी मोबाईल खाली काढला, चित्र लावलं आणि मोठ्यानं मोजलं. सत्तेचाळीसाव्या फ्रेमला रेघ फुगली. थर्मामीटरमध्ये तीस अंश. वैष्णवीनं जमिनीवर काडीनं हिशेब मांडला.

"दोनशे त्र्याहत्तर," ती म्हणाली. "पाच-सहा मीटर इकडंतिकडं. एका फ्रेमला तेवढं लागतंच."

टेपवाल्यानं इंद्रजित साहेबांकडं बघितलं. त्यांनी काही खूण केली नाही, तेव्हा तो पुटपुटला, "दोनशे एकोणसत्तर."

"किती रं? मोठ्यानं बोल, मी बहिरा हाय," गेनबा म्हणाले.

"दोनशे एकोणसत्तर!"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण हसलंही कोणी नाही. रतनबाईंनी ओसरीवरून पाण्याची कळशी आणि पेले आणून ठेवले, आणि इंद्रजित साहेबांपुढं स्वतः एक पेला धरला. "घ्या साहेब. मागल्या टायमाला चहाचं ऱ्हायलं."

साहेबांनी पेला घेतला, पण पाणी प्यायले नाहीत. घड्याळ बघितलं. एकला थोडाच अवकाश होता. हनुमंत भोंग्याकडं निघून गेला होता.

"ठीक आहे, खेळ चांगला होता," ते सारिकाताईंना म्हणाले. "आता सुरुंगाची वेळ झाली. या लोकांना इथून हलवा. सगळ्यांनी समाजमंदिरात चला. सुरुंग उडताना अशी मोकळ्यावर गर्दी करणं धोक्याचं आहे. एखादा दगड आला तर जबाबदारी कोणाची?"

"कुठपर्यंत येतो दगड?" वैष्णवीनं विचारलं.

"ते सांगता येत नाही. म्हणून तर नियम आहेत."

"नियमात किती मीटर आहेत?"

"पाचशे."

"आणि आमचं अंगण पाचशे चाळीसवर आहे. तुम्हीच सांगता. मग इथं धोका कसला, साहेब?"

चाळीसच्या चाळीस माणसं इंद्रजित साहेबांकडं बघत होती. धोका आहे म्हणावं तर अंगण पाचशेच्या आत येत होतं. धोका नाही म्हणावं तर माणसं इथंच थांबणार आणि मोबाईल पेरूला टांगलेला.

"उत्तर द्या की," रतनबाई म्हणाल्या. "रोज या टायमाला म्या याच अंगनात भांडी घासती. कंदी कुनी सांगाया आलं न्हाई, मावशी आत जा म्हनून."

"धोका नाही," साहेब शेवटी म्हणाले. शब्द त्यांच्या तोंडातून ओढून काढल्यासारखे आले. "थांबायचं तर थांबा."

"मला धोका वाटतो," वैष्णवी म्हणाली. "म्हणून सगळ्यांनी ओसरीच्या आत, भिंतीआड उभं राहा. साहेब, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

गेनबा खोकल्यासारखं हसले आणि सगळ्यांच्या आधी ओसरीत शिरले. सारिकाताईंनी मोबाईल पुन्हा टांगला, चालू केला आणि त्याही आत आल्या. इंद्रजित साहेब जरा वेळ अंगणात उभे राहिले. मग एकेक पाऊल टाकत तेही ओसरीच्या खांबाआड आले. सगळ्यांनी ते बघितलं.

"अजून एक," वैष्णवी म्हणाली. "आकडा बघून मी बोलले असं नको व्हायला, म्हणून आत्ताच सांगते. सुरुंग पाचशे मीटरवर असेल तर आवाज शहाऐंशीव्या फ्रेमला येईल. साहेब म्हणतात तसा पाचशे चाळीसवर असेल तर त्र्याण्णवाव्या. शहाऐंशीच्या पुढं आला, तर माझी सही पहिली. अलीकडं आला, तर ना हरकत ठराव नाही."

"अलीकडं आला तर ठराव मी मांडणार नाही," सारिकाताई म्हणाल्या. "हे सभेपुढं बोलते."

पहिला भोंगा झाला. ओढ्यावरच्या रस्त्याला लाल झेंडा घेऊन माणूस उभा राहिला. दुसरा भोंगा झाला. डोंगरातल्या घारी उठून लांब गेल्या. तिसऱ्या भोंग्यानंतर काही क्षण कुठलाच आवाज नव्हता, आणि मग समोरचा काळा दगड पोटातून फुगल्यासारखा पुढं आला. आत मांडणी किणकिणली. पायाखालची जमीन सरकून जागेवर आली. आणि त्यानंतर, सगळ्यांना आता ठाऊक असलेल्या त्या थांबण्यानंतर, धडाम आलं. परसातल्या पत्र्यावर दोन-तीन खडे टपटपले.

"पाचशे चाळीसवरनं आले व्हय हे?" गेनबांनी विचारलं.

सारिकाताईंनी मोबाईल आणला. वैष्णवीनं हात मागं बांधून घेतले होते. "मोजायला साहेबांनाच द्या," ती म्हणाली. "मी मोजलं तर परत म्हणतील मॅडमनी मोजलं."

इंद्रजित साहेब मोबाईल घेईनात. सारिकाताईंनी तो त्यांच्या हातात ठेवला आणि दगड फुगला ते चित्र बोट लावून दाखवलं. "हे बरोबर आहे ना? इथून सुरू करायचं?"

"हो."

ते एकेक फ्रेम सरकवू लागले. दहापर्यंत स्वतःशीच मोजत होते, पण मागून बनाबाईंनी मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळी ओसरी मोजायला लागली. वीस. तीस. बायकांचे आवाज पुढं, गड्यांचे मागं. चाळीसला हनुमंत धावत अंगणात आला आणि काय चाललंय ते न विचारता मोजण्यात सामील झाला. पन्नास. रेघ सरळ होती. पंचावन्न. साहेबांचं बोट हळू झालं, तशी माणसंही हळू झाली, पण थांबली नाहीत. साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.

पुढच्या चित्राला रेघ पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत फुगली.

"बोला," सारिकाताई म्हणाल्या.

सारिकाताईंनी मोबाईल साहेबांच्या हातातून घेतला, आकडा बघितला आणि थर्मामीटर उजेडात धरला. वैष्णवी अंगणात उतरून खाली वाकली आणि मघाच्या हिशेबाखाली तिनं दुसरा हिशेब मांडला. एकदा केला, पुसला आणि पहिल्यापासून पुन्हा केला. दोन्ही वेळा तोच आकडा आला. मग ती उभी राहिली आणि ओसरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"चौसष्ट फ्रेम. तापमान तीस अंश. अंतर तीनशे बहात्तर मीटर, सहा मीटर इकडंतिकडं."